दोन विहिरींचे पाणी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञानशाखेच्या मित्रांची मी आधीच क्षमा मागतो. पण हा विषय मला आमच्या घरच्या हंड्यातच सापडला, त्याला माझा इलाज नाही.

आमचे गाव दक्षिण कोकणात, जांभ्या दगडावर वसलेले. घराला दोन विहिरी. एक परसात, जांभा फोडून खणलेली. दुसरी खाली भाताच्या मळ्यात, जेथे वर्षानुवर्षे पालापाचोळा आणि पेंढा कुजत आला आहे. परसातले पाणी काढताना स्वच्छ दिसे, पण थोड्या वेळाने गढूळ होई आणि सकाळी हंड्याच्या तळाशी तांबडा साका बसलेला असे. मळ्यातले पाणी मुळातच फिक्या चहाच्या रंगाचे. ते कितीही वेळ ठेवले तरी साका म्हणून बसत नसे.

वडिलांनी कर्ज काढून एक गाळणी बांधून घेतली. पाणी उंचावरून झारीसारखे पडावे, हवेत मिसळावे आणि मग वाळूच्या थरांतून खाली उतरावे, अशी तिची रचना. परसातले पाणी तिच्यातून निर्मळ आले. उन्हाळ्यात ती विहीर आटली म्हणून मळ्यातले पाणी तिच्यात ओतले, तर ते जसेच्या तसे पिवळे बाहेर आले. बांधणाऱ्याने निदान केले, "वाळू नीट धुतली जात नाही." वाळू धुण्याचे काम आईचे. झाले! सारा उन्हाळा आई वाळू धूत राहिली आणि बोलणी खात राहिली. त्यांत माझीही बोलणी होती, हे येथे कबूल करतो.

पुढे दोन्ही पाणी तपासून घेतले, तेव्हा लोहाचा आकडा जवळजवळ सारखाच निघाला. लोह तेवढेच, गाळणी तीच. मग एक पाणी निवळते आणि दुसरे का निवळत नाही? हा प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात बसलो. तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

जमिनीखाली जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे लोह पाण्यात सहज विरघळून राहते. या रूपाला फेरस म्हणतात. हवा लागली की त्याचे फेरिक रूप होते. ते पाण्यात विरघळत नाही, गंजासारखा साका होऊन बसते. परसातल्या विहिरीची कथा एवढीच. आमची गाळणीही याच नियमावर उभी होती.

मळ्यातल्या पाण्यात मात्र एक तिसरा भागीदार आहे. पाने, मुळे, पेंढा कुजून जो गडद पदार्थ मातीत उरतो त्याला ह्यूमस म्हणतात. जर्मन रसायनज्ञ आखार्ड याने 1786 मध्ये दलदलीतल्या कुजक्या मातीतून अल्कलीच्या साहाय्याने तो वेगळा काढला. स्वीडनच्या बर्झेलियसने 1830 च्या दशकात पोर्ला येथील लोहयुक्त झऱ्याच्या पाण्यातून याच जातीची आम्ले मिळवली. आज त्यांना फल्विक आम्ले म्हणतात. भूजलात असा सेंद्रिय कार्बन लिटरमागे बहुधा एक-दोन मिलिग्रॅमच असतो. कुजक्या, पाणथळ जमिनीखाली तो दसपटीनेही वाढतो.

या आम्लांच्या रेणूंवर कार्बॉक्सिल आणि फिनॉल गट असतात. त्यांतील हायड्रोजन सुटला की मागे ऋणभार राहतो आणि धनभारित धातू तेथे येऊन चिकटतो. असे दोन गट शेजारी-शेजारी असले, तर ते धातूला दोन बाजूंनी पकडतात. या पकडीला रसायनशास्त्रात जे नाव आहे, ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून आले आहे. कोकणी माणसाला याहून चांगली उपमा कोण देणार! अशा नांगीत सापडलेले लोह हवा लागली तरी सहजी साका होऊन बसत नाही. ते पाण्यातच तरंगत राहते आणि वाळूच्या कणांमधून बिनबोभाट निघून जाते.

ही पकड डोळ्यांनी पाहता येते. परसातल्या ताज्या पाण्यात चहा केला तर तो शाईसारखा काळा होतो, कारण चहातील टॅनिन लोहाला धरते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग करतात, त्यातही हेच घडते.

नांगीची पकड सर्व धातूंवर सारखी नसते. तांबे घट्ट धरले जाते, जस्त त्याहून सैल, मँगॅनीज अगदीच सैल. पाऱ्याला तर ह्यूमसमधील गंधकयुक्त गट फार प्रिय. पाण्याचा सामू उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की हायड्रोजन पुन्हा आपली जागा अडवतो आणि धातू सुटतो. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम हेही जागेसाठी भांडतात. म्हणून एकाच धातूचे वागणे विहिरीगणिक बदलते.

याचे परिणाम गंभीर आहेत. मातीला चिकटून बसलेला ह्यूमस धातूला जागीच अडवतो. विरघळलेला ह्यूमस मात्र त्याला तरीत बसवून दूर नेतो. मोकळे तांबे जलचरांना जितके विषारी, तितके नांगीत अडकलेले नसते. म्हणजे एकूण धातू किती, एवढा एकच आकडा पाहून पाण्याची पारख होत नाही. तो कोणत्या रूपात आहे, हेही विचारावे लागते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी आजीच्या फडताळात निघाले. ती पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत असे. तुरटीतील ॲल्युमिनियम ह्यूमसचा ऋणभार मारते. मग त्याचे पुंजके होतात आणि लोहाला घेऊनच खाली बसतात. आम्ही मळ्यातले पाणी तुरटी फिरवून रात्रभर ठेवले आणि वरचे पाणी गाळणीत ओतले. बराचसा पिवळेपणा गेला. पिण्यापूर्वी ते पुन्हा तपासून घ्यायचे, हेही ठरवले.

सुट्टीत मी हे सारे आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे वाळू स्वच्छच होती म्हण की!"

मी मान खाली घातली.