शृंगस्तर आणि बिनचिठ्ठीचे मलम

मानवी त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आतच भरते. तरीही शरीरातील पाणी आत राखणे आणि जंतू, रसायने व ॲलर्जी उत्पन्न करणारे कण बाहेर थोपवणे हे काम मुख्यतः हाच थर करतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर एलियास यांनी त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असल्याचे मांडले: केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ म्हणजे गारा. हा गारा विरळ झाला की आतले पाणी अधिक वेगाने उडून जाते, त्वचा कोरडी पडून खाजू लागते आणि खाजवल्याने ती आणखी उघडी पडते.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजे आम्लता दर्शविणारा आकडा, साधारण 4.5 ते 5.5 असतो. स्निग्ध पदार्थ घडविणारी विकरे याच आम्लतेत नीट काम करतात. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा सामू मात्र बहुधा 9 ते 10 असतो, आणि म्हणून दिवसातून तीनचार वेळा साबणाने तोंड धुणाऱ्याची त्वचा स्वच्छ होण्याऐवजी ताणल्यासारखी व खरखरीत होते. लिंबू चोळणे किंवा खाण्याचा सोडा लावणे हेही त्याच कारणाने टाळावे, कारण एकाने आम्लता नको तितकी वाढते, तर दुसऱ्याने ती मोडते.

परंतु या थराची खरी हानी आज साबणापेक्षा मलमांनी होत आहे. गालावरचे वांग घालवण्यासाठी एखादी स्त्री ओळखीतल्या कोणी सुचवलेले मलम औषधाच्या दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून आणते. त्यात बहुधा मोमेटासोन हे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे द्रव्य आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, नातेवाईक कौतुक करतात, आणि म्हणून नळी संपली की दुसरी येते. पुढे गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमांसारखे पुरळ उठते, हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. काहींना साधे पाणी लागले तरी चुणचुणते. मलम बंद केले की चेहरा लालबुंद होतो, पुन्हा लावले की शांत होतो, आणि हा दिलासाच रुग्णाला त्या मलमाशी बांधून ठेवतो. या फेऱ्यातून गेलेल्यांच्या अनुभवातून घेण्यासारखा बोध हाच, की लवकर मिळालेला उजळपणा हा बरे होण्याचा पुरावा मानू नये. स्टिरॉइड दाह दाबते, पण त्याचबरोबर पेशींची वाढ आणि स्निग्ध पदार्थांची निर्मिती मंदावते, त्यामुळे वरून चेहरा तुकतुकीत दिसत असताना आतला गारा मात्र कमी होत असतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असे स्वतंत्र नाव दिले आहे, यावरूनच तिचा प्रसार ध्यानात यावा. गजकर्णावर अशी मिश्र मलमे लावल्याने वरची लक्षणे दबतात, पण बुरशी पसरत जाते आणि निदानही अवघड होते.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा नव्हे. इसबासारख्या आजारात डॉक्टरने नेमून दिलेले, नेमून दिलेल्या मुदतीपुरते लावलेले हे औषध उत्तम काम करते, आणि त्याच्या धास्तीने उपचार सोडणेही घातकच. दीर्घकाळ वापरलेले मलम एकाएकी स्वतःच्या मनाने न सोडता त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडावे.

शृंगस्तराची डागडुजी त्वचा स्वतःच करते. तिला त्रास न देणे हाच तिच्या निगेचा मोठा भाग आहे. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी वापरावे, साबण काखा, जांघा व पायांपुरता ठेवावा, अंग टिपून ते ओलसर असतानाच साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे, आणि खरखरीत घासणीने किंवा दगडाने अंग घासू नये. अंगाला खोबरेल लावण्याची कोकणातील सवय कोरड्या त्वचेस उपयोगी आहे. मात्र मुरमे येणाऱ्यांनी ते चेहऱ्यावर लावू नये.

भारत सरकारने 2018 साली त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टिरॉइड मलमांचा समावेश औषध नियमांच्या 'अनुसूची एच'मध्ये केला, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणे नियमबाह्य ठरले. तेव्हा नळीवरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि हाती चिठ्ठी नसली, तर ती नळी दुकानदाराला परत करावी.