पॅकवरचा आकडा आणि आतले सेल

बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, अंबाजोगाईच्या शिवारात सौरपंपांचे सांगाडे उभे करायचं काम मी करतो. २०२४ ला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली आणि हे काम वाढलं. जिथे पंपाला वीजजोडणी नाही तिथेच हा पंप बसतो, त्यामुळे ड्रिल, इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर सगळं बॅटरीवरच चालवावं लागतं. बॅटरीने दगा दिला की मजूर, गाडी आणि ज्याची विहीर तो शेतकरी, सगळेच उन्हात बसून राहतात. जुने बॅटरी पॅक थकले की नवे घ्यावेच लागतात, आणि फसवणूक होते ती तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्यासोबतच्या पोराने बाजारातून एक पॅक आणला. लेबलवर ४८ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप). किंमत कंपनीच्या पॅकच्या निम्म्याहून कमी. ग्राइंडरला लावून अँगल कापायला घेतला, तर थोड्याच वेळात पॅक हाताला चटके देऊ लागला आणि गोडसर, उग्र वास सुटला. पोराने तो ओढून काढला आणि मोकळ्या काळ्या रानात फेकला. तिथे तो धुमसत राहिला. बांधावर पऱ्हाट्यांची गंज रचलेली होती. पॅक तिकडे पडला असता तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

जळालेला पॅक उघडू नये, म्हणून तो तसाच ठेवला. पण तसलाच, नुसता बंद पडलेला पॅक दुसऱ्या एका फिटरकडे होता. तो उघडल्यावर दहा सेलच्या डब्यात पाचच सेल निघाले. सेलवर ना कंपनीचं नाव, ना क्रमांक.

इथला हिशेब प्रत्येक कारागिराने शिकून घ्यावा. लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून १८ लिहिलेला आणि ‘२० मॅक्स’ लिहिलेला पॅक आतून सारखाच असतो. पाच सेलमधून ४८ व्होल्ट निघूच शकत नाहीत. एएचचंही तसंच. या पॅकमध्ये बहुधा १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा १८६५० सेल असतो, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या सेलची क्षमताही साधारण साडेतीन एएच असते. म्हणजे असे पाच सेल ओळीने जोडून ९ एएच होत नाहीत. खऱ्या ५ एएच पॅकमध्ये अडीच-अडीच एएचचे दहा सेल असतात, दोन-दोनच्या पाच जोड्यांत.

या जोड्यांनाच खरं महत्त्व आहे. ग्राइंडर लोखंडात शिरला की वीस-तीस अँपिअर करंट ओढतो, आणि ड्रिलसारखा थांबून थांबून नाही, सलग ओढतो. दहा सेल असले की एका बैलाचं ओझं दोघांत वाटावं तसा तो करंट जोडीत वाटला जातो. पाचच असले तर सगळा भार प्रत्येक सेलवर येतो आणि सेल तापतो. त्यात सेल लॅपटॉपच्या जातीचा असेल, तर एवढा करंट द्यायला तो बनलेलाच नसतो. त्याची एएच भरपूर दिसेल, पण दम नसतो. स्क्रू मारायला पाच चांगल्या सेलचा हलका पॅक पुरतो आणि हातही दुखत नाही. ग्राइंडरला मात्र दहा सेलचाच घ्यावा, आणि माझं मत विचाराल तर कंपनीचाच घ्यावा. महाग असतो, मान्य आहे. पण सगळ्यात जास्त धोका त्याच यंत्रावर आहे.

दुकानात पॅक फोडून बघता येत नाही, पण तोलून बघता येतो. एक १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे दहा सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले. त्यात डबा, पट्ट्या आणि सर्किट धरलं की खरा ५ एएच पॅक सहाशे ग्रॅमच्या वर जातो. शेजारच्या किराणा दुकानातला काटा मागून घ्या. सहा एएच लिहिलेला पॅक चारशे ग्रॅमच्या आत भरला, तर तो तिथेच परत ठेवा. मग लेबलवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे आहेत का ते बघा. हा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पॅकवरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. बनवल्याची तारीखही विचारा, कारण सेल न वापरताही म्हातारा होतो.

सेल बदलून देणारे आता तालुक्यातालुक्यात आहेत. काम जाणणाऱ्याकडून करून घ्यायला हरकत नाही. पण एकच मेलेला सेल बदलून बाकीचे जुने ठेवू देऊ नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला आणखी खाली ओढतात. सेलला थेट डाग देणाऱ्याकडेही जाऊ नका, पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच जोडलेली हवी. ‘सर्किट काढलं की बॅटरी जोरात चालते’ असं कोणी म्हणालं, तर पॅक उचलून घरी या. जास्त चार्जिंग, अती उतरणं आणि शॉर्ट यांपासून वाचवणारं तेच सर्किट असतं. एका कंपनीचा पॅक दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लावायच्या अडॅप्टरचंही मला भय वाटतं. काही कंपन्यांमध्ये बॅटरी उतरल्यावर बंद करायची सोय पॅकमध्ये नसून यंत्रात असते. अडॅप्टर लावला की ती सुटते.

आपल्याकडचं ऊन हा आणखी वेगळा विषय. चार्जिंगच्या वेळी सेल ४५ अंशांच्या वर नसावा, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तेवढं तापमान सहज होतं. म्हणून आम्ही सकाळी लवकर किंवा रात्री, फरशीवर, कोणी जागं असताना चार्ज करतो. ग्राइंडरवरून काढलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवत नाही.

चार्जिंगला लावलेला पॅक पेटला तर आधी मुख्य स्विच बंद करा, धुराच्या विरुद्ध बाजूला उभे राहा आणि दुरून भरपूर पाणी मारा. तो धूर विषारी असतो. फुगलेला किंवा मेलेला पॅक भंगारात देऊ नका, तिथे तो हातोड्याखाली येतो. टोकांना चिकटपट्टी लावून विकणाऱ्याकडे परत करा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आणि पक्कं बिल घ्याच. माल खोटा निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.