भाड्याचे घर आणि अवचित खर्च

शास्त्रपाठ : लेवीय १४:३३-४८, उत्पत्ती ४१:३३-३६, अनुवाद २२:८

पांढुर्णा-सौसर भागात निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा किंवा संत्र्याच्या बहाराचे उत्पन्न घालून दोन खोल्या बांधाव्या व भाड्याने द्याव्या, असा विचार पुष्कळ कुटुंबे करतात. बदलीवर आलेले नोकरदार व बोरगावच्या कारखान्यांतील कामगार यांना निवारा हवाच असतो. हे उत्पन्न प्रामाणिक आहे. पण हाती आलेले सगळे भाडे घरखर्चात संपविले, तर पहिल्याच संकटात घरधनी कर्जात पडतो आणि भाडेकरू गळक्या छपराखाली राहतो. म्हणून या पाठात आपण या व्यवहाराचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

१. दोष झाकू नये. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असल्यास भिंतींना तडे जातात. लेवीयात सांगितले आहे की, भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसला, तर घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला सांगावे. याजक येण्यापूर्वी सामान बाहेर काढावे, म्हणजे तेही अशुद्ध ठरणार नाही. सात दिवसांनी चट्टा पसरलेला आढळल्यास धोंडे काढून नवे बसवावे व नवा गिलावा करावा. वरून चुना फासून भागत नसे. राहणाऱ्यांच्या सामानाचीही देवाला काळजी होती, हे आपण लक्षात घ्यावे.

२. आधीच बाजूला काढावे. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखावयास सांगितले. तो काही घरभाड्याचा नियम नव्हे, परंतु माप म्हणून उपयोगी आहे. समजा, दोन खोल्यांचे महिना ८,००० रुपये येतात. त्यांतील १,६०० वेगळ्या खात्यात टाकले, तर वर्षाला १९,२०० रुपये जमतात. पंप जळाला किंवा एक खोली दोन महिने रिकामी राहिली, तरी सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. प्राप्तिकराच्या कायद्यातही भाड्यातून नगरपालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर शेकडा ३० सूट दिलेली आहे. संत्र्याचा बागाईतदार एकाच बहारावर विसंबत नाही. घरधन्यानेही विसंबू नये.

३. भार दुसऱ्यावर ढकलू नये. नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, अशी अनुवादात आज्ञा आहे. कठड्याचा खर्च आपला, पण त्याने जीव वाचतो तो दुसऱ्याचा. घरधन्याने करावयाची दुरुस्ती कळवूनही तो वाजवी वेळेत करीत नसेल, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. ख्रिस्ती घरधन्याने ती वेळच येऊ देऊ नये. खर्च आला म्हणून ठरलेले भाडे मध्येच वाढविणे हाही अन्यायच.

भाडेकरू आजारी पडून भाडे थकले तर काय करावे? आधी भेटून विचारपूस करावी, मग नवी तारीख दोघांनी मिळून लिहून ठेवावी. दया आणि हिशेब यांत वैर नाही. राखून ठेवलेला पैसा असला म्हणजे दया करणे परवडते.

वर्गासाठी प्रश्न
१. घरातील सामान आधी बाहेर काढण्यास का सांगितले?
२. आपल्या घरात कोणता ‘कठडा’ अजून बांधावयाचा राहिला आहे?
३. भाडेकरू म्हणून आपली कर्तव्ये कोणती?