अभ्यासाचा पाठ : सी. के. प्रल्हाद आणि जेटीवरची थेट खरेदी



पुढच्या मासिक सभेत 'थेट खरेदी'चा विषय आहे. कंपनीचा माणूस जेटीवर येऊन मासळी उचलणार, दर आदल्या दिवशी मोबाईलवर कळणार, मध्ये दलाल नाही, असा प्रस्ताव आहे. काही सभासद आत्ताच 'हो' म्हणताहेत, काही 'नको'. हात वर करण्याआधी एक पाठ वाचूया.

प्रल्हाद कोण?

जन्म १९४१, कोइम्बतूर. भौतिकशास्त्र शिकले, बॅटरीच्या कारखान्यात नोकरी केली, मग अहमदाबादच्या आयआयएममध्ये आणि पुढे हार्वर्डला व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं. नंतर अनेक वर्षं अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवलं. २०१० साली वारले.

१९९० मध्ये गॅरी हॅमेल यांच्यासोबत त्यांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं सार असं : कंपनी म्हणजे झाड. विकायला येणारा माल ही पानं-फळं. खरी ताकद मुळात, म्हणजे इतरांना सहज न जमणाऱ्या कसबात. होंडाचं उदाहरण त्यात आहे. मोटारसायकल, गाडी, जनरेटर वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच, इंजिन बनवण्याचं कसब.

पिरॅमिडचा तळ

२००४ मध्ये त्यांचं 'द फॉर्च्यून अ‍ॅट द बॉटम ऑफ द पिरॅमिड' हे पुस्तक आलं. म्हणणं साधं : जगातले अब्जावधी गरीब म्हणजे दया करण्याची माणसं नव्हेत, ती बाजारातली शहाणी गिऱ्हाइकं आणि उद्योजक आहेत. कंपन्यांनी त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धतीने काम केलं तर दोघांचाही फायदा होईल.

आपल्या कामाचं उदाहरण त्यात आहे ते आयटीसीच्या ई-चौपालचं. २००० साली मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात हे सुरू झालं. इंदूरकडच्या आपल्या वाचकांना ते ठाऊक असेल. आधी शेतकरी माल घेऊन मंडीत जायचा आणि भाव तिथे गेल्यावर कळायचा. भाव पडला तरी गाडी परत नेणं परवडत नसे, म्हणून मिळेल त्या दरात विकायचं. ई-चौपालमध्ये गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. भाव घरबसल्या कळू लागला, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होऊ लागलं, आणि कंपनीलाच विकायची सक्ती नव्हती. दर पटला नाही तर मंडीची वाट मोकळी.

भाव आधी कळल्याने काय होतं, हे मच्छिमारांच्या बाबतीत केरळमध्ये मोजलं गेलंय. रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास आहे. मोबाईल येण्यापूर्वी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकली जायची, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. ५ ते ८ टक्के मासळी अशी वाया जायची. १९९७ पासून मोबाईल आले, होडीतूनच बाजार विचारता येऊ लागला. नासाडी जवळपास थांबली, मच्छिमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

दुसरी बाजू

प्रल्हाद यांच्याच विद्यापीठातले प्राध्यापक अनिल कर्नानी यांनी २००७ मध्ये आक्षेप घेतला. लहान पाकिटात शाम्पू विकल्याने गरिबाची सोय होते, कमाई वाढत नाही. गरिबाकडे आधी उत्पादक म्हणून बघा, त्याच्या मालाला दर मिळू द्या, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला वाटतं, सहकारी संस्थेला हा आक्षेप लगेच पटावा. आपण गिऱ्हाईक म्हणून नव्हे, मासळी काढणारे म्हणून एकत्र आलोय. पण ई-चौपालमध्ये शेतकरीसुद्धा उत्पादकच होता. म्हणून प्रल्हादांना बाजूला न सारता त्यांच्याच उदाहरणातून प्रश्न घेऊया.

सभेला येताना हे तीन प्रश्न घेऊन या

१. दुसरीकडे विकायची मोकळीक राहणार का? केरळात फायदा झाला तो अनेक बाजारांतून निवड करता आली म्हणून. एकालाच बांधून घेतलं तर दर कळूनही उपयोग नाही.

२. उचल कोण देणार? दलाल कमिशन खातो हे खरं, पण जाळं फाटलं, इंजिन बसलं, पावसाळी बंदीचे दोन महिने आले की पैसे तोच देतो. कंपनी मासळी घेईल. उसने पैसे देईल का? नसेल तर संस्थेच्या पतपुरवठ्याचं आधी ठरवावं लागेल, नाहीतर दलाल मागच्या दाराने परत येईल.

३. काटा आणि बर्फ कोणाच्या ताब्यात? प्रतवारी कंपनीने ठरवली आणि बर्फही तिचाच, तर मासळी पडून राहिली की नुकसान आपलं. आपलं मूळ कसब म्हणजे मासळी काढणं आणि ती ताजी ठेवणं. ते हातचं जाऊ देऊ नका.

आम्ही 'हो' किंवा 'नको' सांगत नाही. तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर प्रस्ताव विचार करण्यासारखा आहे. 'नंतर बघू' असं उत्तर आलं, तर आपणही 'नंतर बघू' म्हणूया.

ज्यांनी दलालाकडून उचल घेतली आहे त्यांनी सभेला जरूर यावं. या विषयात सगळ्यात जास्त त्यांचंच पणाला लागलंय.