धरणातली वाट : वीजघर, लॉक आणि आपली गोदावरी

धरण म्हटलं की आपल्याला भिंत, दरवाजे आणि मागे पसरलेलं पाणी आठवतं. हैदराबादच्या माणसाला तर हे चित्र ओळखीचंच. बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधलं गेलं. महाबळेश्वरहून येणाऱ्या कृष्णेवर नागार्जुनसागर उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी सिंचन आहे, वीजघर आहे. पण नाव पलीकडे नेण्याची सोय? ती नाही. भिंत आली की नावेचा प्रवास संपला!

ही सोय म्हणजे लॉक, मराठीत जलपाश. लॉक म्हणजे पाण्याची एक लांबट खोली. तिला दोन टोकांना दोन दरवाजे. खालून येणारी नाव खोलीत शिरते आणि मागचा दरवाजा बंद होतो. मग वरच्या बाजूच्या झडपा उघडून पाणी आत घेतात. खोली भरते तशी नाव वर चढते. आतलं आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की पुढचा दरवाजा उघडतो. नाव उचलायला पंप लागत नाही. वरचं पाणी आपल्याच वजनाने खाली येतं, तेवढं पुरतं.

वीजघरही याच फरकावर चालतं. पाणी जितकं जास्त आणि जितक्या उंचीवरून पडेल, तितकी वीज जास्त. म्हणजे पातळीतला जो फरक नावेला अडथळा, तोच टर्बाइनला भांडवल. एक लहान लॉक धरू : 50 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 5 मीटर चढ. एका खेपेला 2500 घनमीटर पाणी लागेल. तेच पाणी टर्बाइनमधून सोडलं असतं, तर साधारण 30 युनिट वीज मिळाली असती. एक नाव वर चढवण्याची किंमत एवढीच. मग अडतं कुठे?

याचं उत्तर गोदावरीच्या इतिहासात सापडतं. सर आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 मध्ये राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधला. तिथले कालवे शेतीइतकेच नावांसाठीही होते. पुढची कल्पना अधिक मोठी होती. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांवरून थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे : भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम, मग इंचमपल्ली, आणि प्राणहितेवर देवलमरी. दुम्मगुडेमला बंधारा, कालवा आणि लॉक झाले. पण उन्हाळ्यात नदीला पुरेशी खोली राहत नसे. शिवाय 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1871 मध्ये काम थांबलं. धडा सरळ आहे : लॉक बांधून भागत नाही, नदीत बारा महिने पाणी लागतं. शेती, वीज आणि नाव, तिघांनाही ते उन्हाळ्यातच हवं असतं.

आज त्याच गोदावरीवर, भद्राचलमच्या खाली, आंध्र प्रदेशात पोलावरम उभं राहत आहे. त्याच्या आराखड्यात सिंचन आहे, 960 मेगावॅटचं वीजघर आहे आणि नावांसाठी लॉकही आहे. भद्राचलम ते राजमहेंद्री हा नदीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग 4 चा भाग आहे. त्यामुळे ही वाट बंद करून चालणार नाही, हे अभियंत्यांनी मान्य केलं.

पण या नदीवर फक्त नावाच नाहीत. बुडीत क्षेत्रात एक लाखाहून अधिक कुटुंबं येतात; त्यांत कोया आणि कोंडारेड्डी आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. कोयनेच्या आणि जायकवाडीच्या विस्थापितांची कहाणी माहीत असलेल्या मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एकदा पाणी चढलं की कागदावरचा प्लॉट आणि प्रत्यक्षातलं घर यांतलं अंतर कापता कापता एक पिढी जाते.

इथे लॉकचा साधा नियम आठवावा. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. घाई केली तर नाव आपटते. नावेसाठी आपण हा नियम काटेकोर पाळतो. मग माणसांसाठी का पाळू नये? आधी घर, जमीन, शाळा आणि पिण्याचं पाणी. मग धरणाची पातळी वाढवायची. धरणाला विरोध करण्यासाठी हे म्हणत नाही. हैदराबादेत बटण दाबल्यावर लागणाऱ्या दिव्यात कुठल्या ना कुठल्या नदीचा वाटा असतोच. म्हणून धरणाबद्दल वाचताना मेगावॅटच्या आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेवावा : या भिंतीतून वाट कोणाला ठेवली आहे, आणि कोणाला नाही?