आधी पाहायला शिकवूया

वाचन : लूक 17:11-19



रविवारची मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या दारात उभे असतो, तेव्हा एक प्रसंग नेहमी घडतो. एखाद्या लहानग्याच्या हातावर आम्ही गोळी ठेवतो. तो ती घट्ट धरतो आणि आईच्या साडीमागे लपतो. आई ओशाळते. "फादरना थँक्यू बोल! बोल ना! घरी तर सारखा बोलतो..." मूल आणखीच लपते. शेवटी कसाबसा एक शब्द बाहेर पडतो आणि आईचा जीव भांड्यात पडतो.

त्या आईचे काहीही चुकत नाही. मुलांना आभार मानण्याची सवय लावलीच पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबाविषयीच्या आपल्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात घराघरांत तीन शब्द जपायला सांगितले होते : परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. प्रश्न इतकाच, की तो शब्द जिभेवर आला म्हणजे मूल कृतज्ञ झाले का? पोपटालाही शब्द शिकवता येतो. कृतज्ञता कोठून सुरू होते, याचा आज आपण थोडा विचार करू.

दहा जण बरे झाले, एकाने पाहिले

शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून प्रभू येशू जात असताना दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून त्याला हाक मारतात. तो त्यांना याजकांकडे पाठवतो. वाटेतच ते शुद्ध होतात. त्यांतील एकटा परत येतो आणि येशूच्या पायांशी पडून आभार मानतो. तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोकांच्या दृष्टीने परका असतो.

ही कथा आपण अनेकदा ऐकली आहे. परंतु संत लूकने मध्येच टाकलेला एक छोटासा तपशील आपल्या नजरेतून निसटतो. तो माणूस परत फिरला केव्हा? आपण बरे झालो आहोत हे त्याने पाहिले तेव्हा. कातडी दहाही जणांची स्वच्छ झाली होती. पण थांबून स्वतःच्या हाताकडे पाहणे आणि 'हे मला मिळाले आहे' हे ओळखणे, एवढे फक्त त्याच्याकडून घडले. परत फिरणे, मोठ्याने देवाचे गौरव करणे, पायांशी पडणे हे सारे त्यानंतरचे आहे.

आपली मराठी भाषाही हेच सांगते. 'कृतज्ञ' हा शब्द फोडून पाहा : कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो, तो कृतज्ञ. या शब्दात बोलण्याचा उल्लेखच नाही. जाणणे आधी, बोलणे नंतर.

तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, मिळालेला उपकार ओळखणे. दुसरी, आभार व्यक्त करणे. तिसरी, योग्य वेळी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची फेड करणे. मग ते कृतघ्नतेचाही जिना मांडतात. फेड न करणे ही कृतघ्नता आहेच, पण ती सर्वांत मोठी नव्हे. उपकार झाला हेच न ओळखणे, ही सर्वांत मोठी कृतघ्नता. आपण मात्र मुलांना बहुधा दुसऱ्या पायरीवर थेट उचलून ठेवतो आणि पहिली पायरी विसरतो.

एका कोऱ्या पानाची गोष्ट

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना कागद वाटले आणि सांगितले, "देवाचे आभार मानाव्यात अशा दहा गोष्टी लिहा." सर्वांनी भराभर लिहिले : आई, बाबा, शाळा, सायकल, नाताळचे कपडे. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने मात्र कोरे पान दिले.

आम्हाला राग आला. सर्वांसमोर आम्ही त्याला म्हणालो, "देवाने तुला हात-पाय दिले, डोळे दिले. एवढंही आठवत नाही?" त्याने मान खाली घालून लिहिले : हात, पाय, डोळे. आणि जागेवर जाऊन बसला.

त्याच आठवड्यात घरभेटींच्या वेळी आम्ही त्याच्या दारात पोहोचलो. वडिलांचे काम कित्येक महिन्यांपासून सुटले होते. आई आजारी होती. ओट्यावर झाकून ठेवलेला एक डबा होता, तो त्या घरचा नव्हता. बाहेर पडताना तो मुलगा आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "फादर, मला शेजारच्या काकूंचं नाव लिहायचं होतं. त्या रोज डबा देतात. पण तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलं असतं, तर आमच्या घरचं सगळ्यांना कळलं असतं."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. संपूर्ण वर्गात ज्याने खरोखर पाहिले होते, त्यालाच आम्ही कृतघ्न ठरवले होते. आंधळे आम्ही होतो. त्या फाटकापाशीच आम्ही त्याची क्षमा मागितली. पुढच्या रविवारी वर्गासमोरही सांगितले, "त्या दिवशी फादरांचं चुकलं होतं." कारण मात्र सांगितले नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी आमच्या मनात पक्क्या झाल्या आहेत. एक : मुलाच्या दुःखाचे तोंड बंद करण्यासाठी कृतज्ञता वापरू नये. मूल रडत असताना "तुझ्यापेक्षा गरीब मुलं बघ" असे म्हणणे सोपे असते. परंतु आपल्या स्तोत्रसंहितेत आक्रोश आणि उपकारस्तुती शेजारी शेजारी आहेत. देवाला दोन्ही चालतात. दुसरी : मुलाने पाहावे असे वाटत असेल, तर आधी आपण मुलाकडे पाहायला हवे.

घरात काय करता येईल?

*जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत एक वाक्य वाढवा.* नेहमीची प्रार्थना आपण पाठ म्हणतो, ते चांगलेच आहे. तिच्या शेवटी घरातील एकाने त्या दिवसाचे एक नाव घ्यावे. "आजीने सकाळी बसून बोंबील साफ केले, त्याबद्दल प्रभू, तुझे आभार." "बाबा पहाटेच्या लोकलने गेले आणि उभ्यानेच परत आले, त्याबद्दल आभार." रोज एकच माणूस, एकच काम. 'सर्व गोष्टींबद्दल धन्यवाद' असे म्हणताना मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. आजीचे ओले हात मात्र उभे राहतात. आणि आजीलाही कळते की कोणीतरी पाहिले.

*मुलांना तुमचे आभार ऐकू द्या.* नवऱ्याने बायकोचे आभार शेवटचे केव्हा मानले? टँकरवाला, कचरा नेणारी ताई, रिक्षावाला यांच्याशी आपण कोणत्या आवाजात बोलतो? मागच्या सीटवरचे मूल सर्व ऐकत असते. "पैसे मोजतोय ना आपण!" हे वाक्य जे मूल रोज ऐकते, त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही कितीही शिकवले तरी उपयोग नाही.

*उपकारांचा हिशोब मांडू नका.* "तुमच्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या, तुम्हाला किंमतच नाही!" हे वाक्य कळवळ्यातून येते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मुलाच्या कानात ते बिल होऊन पडते. बिल चुकते करायचे असते किंवा टाळायचे असते, त्यातून प्रेम उगवत नाही. आईवडिलांचा आदर कृतज्ञतेतून जन्मतो, असे ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम (क्र. 2215) शिकवतो. आणि मुलांना चिडीस आणू नका, असे संत पौल बापांना बजावतो (इफिस 6:4). दोन्ही वचने एकाच घरासाठी आहेत.

हिशोबाऐवजी गोष्ट सांगा. अनुवादाच्या 26 व्या अध्यायात इस्राएली माणूस पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपुढे येतो, तेव्हा तो काय म्हणतो? तो आपल्या पूर्वजांची कथा सांगतो : आम्ही परके होतो, गुलाम होतो, देवाने आम्हाला बाहेर काढले. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणल्या जातात, त्यामागे हीच भावना आहे. आपल्याकडील शेते कमी झाली, पण गोष्टी अजून आहेत. आजोबांनी विहीर कशी खणली, पहिल्या पगारातून काय आणले, अडचणीत कोण धावून आले, हे मुलांना सांगा. सांगताना 'मी केले' यापेक्षा 'आम्हाला मिळाले' यावर भर द्या.

*तिसऱ्या पायरीवर मुलाचा हात धरा.* त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की, त्या आनंदात लेवी आणि परका यांनाही सामील करून घ्यावे. मिळालेल्याची फेड पुष्कळदा तिसऱ्याच माणसाकडे जाते. शेजारी द्यायचा डबा मुलाच्या हाती पाठवा. आजारी माणसाला भेटायला जाताना त्याला बरोबर न्या. मात्र देताना घेणाऱ्याची लाज राखायला शिकवा. आमच्या त्या कोऱ्या पानाने आम्हाला हे शिकवले.

रविवारची वेदी

शेवटी एक गोष्ट. 'युखरिस्त' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. पकडला जाण्याच्या रात्री, समोर क्रूस दिसत असताना, प्रभूने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले. म्हणून मिस्सा हे कृतज्ञतेचे सर्वांत मोठे विद्यालय आहे. परंतु आठवडाभर ज्याने घरात काही पाहिलेच नाही, तो अर्पणाच्या वेळी ताटात काय ठेवणार? चर्चकडे येताना वाटेत मुलाला एकच प्रश्न विचारा : "आज वेदीवर कोणाचं नाव ठेवशील?" उत्तर नाही आले, तर रागावू नका. कदाचित त्याच्याजवळ उत्तर असेल, फक्त ते सांगण्यासारखे नसेल.

घरी बोलण्यासाठी

1. या आठवड्यात माझ्यासाठी कोणी काय केले, जे मी पाहिलेच नाही?
2. आपल्या घरात कोणाचे काम सर्वांत कमी दिसते?
3. आपल्या कुटुंबाला अडचणीत मदत करणाऱ्या कोणाची गोष्ट मुलांना अजून सांगायची राहिली आहे?

*प्रार्थना :* हे प्रभू, त्या दहांपैकी नऊ जणांसारखे आम्हीही घाईत असतो. आम्हाला थांबव. आमचे डोळे उघड, म्हणजे आमच्या लेकरांचेही उघडतील. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू