वाग्निग्रह आणि म्हाइंभट

इंद्रियजय म्हटला की साधक रसनेच्या आहाराचाच विचार करतो. तीच रसना बोलतेही, याचा विसर पडतो. विद्वानास तर बोलण्याचीच गोडी अधिक. म्हाइंभट हे वादकुशल पंडित. सर्वज्ञांशी वाद करावयास आले आणि निरुत्तर झाले. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यांच्या अनुमतीने तेच गावोगाव हिंडले. ज्यास जी लीळा ठाऊक, त्याच्यापुढे बसून ती ऐकावयाची, आपले मत मध्ये घालावयाचे नाही. शास्त्रज्ञास हे तप उपवासाहून कठीण! सुमारे शके 1200 मध्ये सिद्ध झालेल्या लीळाचरित्राची वाक्ये म्हणूनच लहान, बोलीतली आहेत. त्यात संस्कृत पांडित्याचा डौल नाही. स्वतःच्या पराभवाची लीळाही त्यांनी गाळलेली नाही.